वसरीचा कठडा कोणासाठी घडवला होता?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात फोंडा तालुक्यात पणजोबांनी बांधलेलं घर आहे. वसरीला, म्हणजे दर्शनी ओसरीला, लोखंडी कठडा आहे, त्याच्या मधोमध गोल कड्यात रोमी लिपीतली दोन आद्याक्षरं आणि दोन्ही बाजूंना द्राक्षवेल. मुख्य दारावर अर्धगोलात किरणांसारखी जाळी. फाटकाच्या खांबांवर चुन्यात घडवलेले सिंह. आता घराची दुरुस्ती काढली आहे आणि घरात दोन तट पडले आहेत. काका म्हणतात, ही पोर्तुगिजांच्या गुलामीची खूण आहे, काढा आणि स्टेनलेस स्टीलचा कठडा बसवा. बहीण म्हणते, हा वारसा आहे, एक खिळासुद्धा हलवायचा नाही. तुम्ही विचारलंय की या नक्षीला खरंच काही अर्थ असतो का, की ती नुसती शोभा.

अर्थ असतो, आणि काका समजतात त्यापेक्षा तो तुमच्या घराण्याच्या फार जवळचा आहे. बार्देश-सासष्टीतल्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरांपासून अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, चौसोपी घरांपर्यंत जुन्या लोखंडी कामाच्या दुरुस्तीत माझी हयात गेली. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. घराच्या दर्शनी भागावरचं नक्षीकाम कोणा गव्हर्नराला खूश करायला घातलेलं नसतं. ते गावासाठी असतं. शेजारी, भाऊबंद, देवळाचे महाजन, कुळं आणि मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे), मुलगी बघायला येणारे पाहुणे, पालखीबरोबर दारावरून जाणारे लोक, यांनी ते बघावं म्हणून पणजोबांनी पैसे मोजले.

याची खात्री तुम्ही स्वतः करू शकता. घराभोवती एक फेरी मारा. समोरच्या खिडक्यांना वेलबुट्टी असेल, कमानीवर चुन्याचा गोफ असेल. कोपरा वळलात की बाजूच्या खिडक्यांना बहुधा नुसते उभे गज दिसतील. मागे न्हाणीघर आणि गोठ्याकडच्या खिडक्यांना लाकडी गज किंवा तेही नाहीत. चोर काही समोरूनच येतो असं नाही, पाऊसही चारी बाजूंनी लागतो. तरी नक्षी फक्त रस्त्याच्या अंगाला. मग वसरीवर उभे राहा आणि ती आद्याक्षरं आतून वाचायचा प्रयत्न करा. ती उलटी दिसतील. रोज सकाळी वसरीवर चहा घेणाऱ्या पणजोबांना स्वतःचं नाव आरशातल्यासारखं दिसत होतं आणि त्याची त्यांना काहीच अडचण नव्हती, कारण ते नाव त्यांनी वाचायचं नव्हतंच. मी पाहिलेल्या अशा जवळजवळ प्रत्येक कठड्यावर अक्षरांचं तोंड बाहेर आहे.

आता अक्षरं रोमीत का, हा काकांचा खरा सल असणार. तुमच्या अंगणातल्या तुळशी वृंदावनाचा पाया एकदा ओल्या फडक्याने पुसून बघा. अशा बऱ्याच घरांत वृंदावनावर किंवा देवघराच्या चौकटीवर नाव किंवा शक देवनागरीत कोरलेला सापडतो. एकाच माणसाने एकाच घरात दोन लिप्या वापरल्या आहेत. घरातल्या आणि देवाच्या व्यवहाराला देवनागरी, रस्त्याला रोमी. गोव्यातला हिंदू पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाचत होता, जमाखर्च मोडीत लिहीत होता, पोथी मराठीत ऐकत होता. पण कचेरी, नोटरी, जमिनीची नोंद, लिसेव म्हणजे सरकारी माध्यमिक शाळेची परीक्षा, सगळं पोर्तुगिजात. कठड्यावरची रोमी अक्षरं सांगतात की या घराला कचेरीत ओळख आहे, हा माणूस कागदावर सही करतो, अंगठा उठवत नाही. त्या काळच्या गावात हे फार मोठं सांगणं होतं.

त्यासाठी काळ बघावा लागतो. जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बार्देश, सासष्टीत, ख्रिस्ती घरांनी दर्शनी भाग बराच आधी रस्त्याकडे वळवला. पायऱ्या, दोन्ही बाजूंना बसायचे सोपे, खांबांवर छप्पर, तो बल्कांव. हिंदू घराची रीत वेगळी होती. बाहेरून ते मुकं, भिंती जाड, खिडक्या लहान. सगळा थाट आत राजांगणात, म्हणजे मधल्या चौकात, कोरीव लाकडी खांबांवर, तुळशीभोवती, देवघराच्या दारावर. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० पासून १८१२ पर्यंत गोव्यात होती, मधली थोडी वर्षं सोडली तर. जिथे घरातला विधीसुद्धा लपून करावा लागला, तिथे थाट आतच राहिला तर नवल नाही. पुढे १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला, शहर वाढलं, आणि १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं तेव्हा हिंदूंना कायद्यापुढे बरोबरीचं स्थान मिळालं, सरकारी नोकऱ्यांची दारं उघडली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत म्हापसा, मडगाव, पणजी आणि फोंडा-डिचोलीच्या गावांत अनेक हिंदू घरांनी रस्त्याकडे वसरी काढली, तिला कठडा लावला, कमानी केल्या. तुमचं घर पणजोबांच्या हयातीतलं म्हणता, म्हणजे ते बहुधा याच लाटेतलं आहे. ज्या घराण्याने कित्येक पिढ्या तोंड आत ठेवलं, त्याने ते बाहेर केलं. हा कठडा गुलामीची खूण म्हणून काढणार असाल तर आधी हे लक्षात घ्या की तो गुलामी सैल झाल्यावर लागलेला असण्याचा संभव जास्त आहे.

दुसरं असं की त्यातलं पोर्तुगीज किती, हेही तपासलं पाहिजे. आपल्याकडे जे जुनं, कमानीचं आणि रंगीत, ते सगळं पोर्तुगीज म्हणायची सवय पर्यटनाने लावली आहे. कठड्यातलं लोखंड बघा. ओतीव म्हणजे बिडाचे कठडे, खांब, जिने हा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंड-स्कॉटलंडच्या कारखान्यांचा धंदा. तिथे नमुन्यांची जाडजूड पुस्तकं छापत, गिऱ्हाईक आकडा सांगून माल मागवत असे. हा माल मुंबईत उतरायचा. मुंबईत काळा घोड्याला एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे, पूर्वीचं वॉटसन हॉटेल. तिचा लोखंडी सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडात तयार होऊन जहाजाने आला. गिरगाव, भुलेश्वर, धोबीतलावच्या इमारतींचे सज्जे गोंयकार रोज बघत होते. ख्रिस्ती तिथे आपापल्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहत, बोटीवर नोकरीला जात. हिंदू पेढीवर, दुकानात, छापखान्यात कामाला. १८८८ पर्यंत मुरगांव ते कॅसलरॉक रेल्वे पूर्ण झाली आणि जड माल आणणं सोपं झालं. म्हणजे तुमच्या वसरीवर जे आलंय त्यात लिस्बनपेक्षा मुंबईचा वाटा मोठा असू शकतो. आणि गंमत नव्हे, खरी चुटपुट लावणारी गोष्ट ही की ज्या गोव्याच्या पोटात एवढं खनिज लोखंड आहे त्या गोव्यात घरच्या कठड्याचं लोखंड मात्र बाहेरून आलं. आपलं खनिज बार्जेसमधून मांडवी-जुवारीने जपानकडे जाऊ लागलं ते १९५० च्या सुमारास.

सिंहांचंही तसंच. फाटकावरचा सिंह युरोपातल्या घराण्यांच्या चिन्हांत असतो हे खरं. पण गोव्यावर राज्य केलेल्या कदंबांचंही राजचिन्ह सिंहच, त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर तो आहे, आणि आज आपण सरकारी कदंब महामंडळाच्या बसमधून फिरतो तेव्हा तोच सिंह बसच्या अंगावर असतो. पणजोबांच्या मनात यातला कोणता होता हे आज कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. ज्या गवंड्याने तो घडवला त्याने बहुधा दोन्ही पाहिलेले नव्हते, शेजारच्या फाटकावरचा पाहिला होता.

काकांना एक काम सांगा. त्यांना कवळ्याला आणि मंगेशीला नेऊन देऊळ बाहेरून नीट बघायला लावा. दर्शनाची घाई नको. १५६० च्या दशकात मूर्ती कुठ्ठाळी-केळशीहून नदी ओलांडून अंत्रुजात आणल्या गेल्या, कारण पलीकडे देवळं पाडली जात होती. कवळ्याचं शांतादुर्गेचं आजचं देऊळ १७३८ च्या सुमाराचं, शाहू महाराजांच्या काळातलं, त्यांचे मंत्री नारोराम यांनी पुढाकार घेऊन बांधवलेलं. त्या वेळी फोंडा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. तो त्यांच्याकडे गेला १७६३ नंतर. म्हणजे पोर्तुगिजांनी ज्यांची देवळं मोडली, त्या लोकांनी पोर्तुगिजांची सत्ता नसलेल्या मुलखात, मराठ्यांच्या आश्रयाने देऊळ बांधलं. आणि त्या देवळाला काय दिसतं? अर्धगोल कमानीच्या खिडक्या, भिंतीतून अर्धे बाहेर आलेले खांब, गर्भगृहावर घुमट. मंगेशीची अष्टकोनी दीपमाळ सात मजल्यांची आहे, तिच्या प्रत्येक मजल्यावर कमानी आहेत. कारागीर बहुधा ओल्ड गोव्याच्या चर्चवर काम करून हात बसवलेले, त्यांनी जे येत होतं ते देवाला वाहिलं. जबरदस्ती कोणाचीच नव्हती. या देवळांना गुलामीची खूण म्हणायला काका तयार होणार नाहीत, आणि होऊही नये.

इथवर वाचून बहिणीला वाटेल की आपण जिंकलो. तिच्यासाठीही सांगायचंय. नक्षीला अर्थ आहे म्हटलं की तो सगळा गोड असतो असं नाही. वसरीचा कठडा आणि बल्कांवच्या पायऱ्या या गावातली सीमारेषा होत्या. भाटकार वर बसायचा, मुंडकार खाली अंगणात उभा राहायचा. नारळ मोजून व्हायचे, खंड ठरायचा, रागावणं व्हायचं, सगळं त्या कठड्यावरून खाली. कोणी कितव्या पायरीपर्यंत यायचं हे लिहिलेलं नव्हतं, पण प्रत्येकाला पाठ होतं. जुन्या माणसांना विचारलंत तर ती अजून दाखवतात, इथपर्यंत. लोखंडी कठडा त्यासाठी सोयीचा होता. भिंत घातली तर मालक दिसत नाही. जाळीतून तो दिसतो, त्याची आरामखुर्ची दिसते, मागचा दिवाणखाना आणि त्यातली हंडी-झुंबरं दिसतात, आणि तरीही तुमच्या-त्याच्या मधे लोखंड राहतं. दाखवायचंही आणि अडवायचंही, ही दोन कामं एकाच वेळी करणारी वस्तू घरात दुसरी नाही. ती जपताना हेही सांगितलं गेलं पाहिजे, नाहीतर वारसा म्हणजे फक्त वरच्या पायरीवर बसलेल्यांची आठवण होऊन बसते.

म्हणूनच मला आपल्या वास्तुप्रेमी मंडळींचं एक बोलणं खटकतं. जुन्या भाटकाराच्या घरावरची वेलबुट्टी म्हणजे कला आणि शेजारच्या स्लॅबच्या घरावरचं वेल्डिंगचं ग्रिल म्हणजे कुरूपता, असं ते सर्रास बोलतात. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर काय झालं ते आठवा. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९७५ मध्ये मुंडकार कायदा. ज्यांना झोपडीची माती हलवायला भाटकाराची परवानगी लागत होती, त्यांना घरातून हुसकावता येणं बंद झालं. मग आखातातला पैसा आला, बोटीवरचा पैसा आला, आणि त्या घरांना वसरी झाली, वसरीला ग्रिल झालं. त्यात कमळ आहे, मोर आहे, ॐ आहे, क्रूस आहे, उगवता सूर्य आहे, मालकाचं किंवा आईचं नाव आहे, बांधल्याचं साल आहे. हेच तर तुमच्या पणजोबांनी केलं होतं. चौरस सळई वेल्डिंगने जोडलेली म्हणून त्यातला माणूस कमी अभिमानी ठरत नाही. माझ्याकडे जुनं ग्रिल 'सुधारून' द्या म्हणून येणाऱ्यांना मी बऱ्याचदा सांगतो की फक्त गंज काढून रंगवा, साल पुसू नका. आणखी पन्नास वर्षांनी गोव्याचा सामाजिक इतिहास वाचायला ती ग्रिलं लागणार आहेत.

आता नमुन्यांच्या अर्थाबद्दल, कारण तुम्ही द्राक्षवेलीचा मुद्दाम उल्लेख केलाय. इथे हात आखडता घ्यावा लागतो. चर्चच्या वेदीवर द्राक्षं असतील तर त्यांचा संबंध प्रसादाच्या द्राक्षारसाशी आहे. तीच वेल घराच्या कठड्यावर आली की बहुधा ती नमुन्याच्या पुस्तकातून आलेली असते, आणि ख्रिस्ती घर, हिंदू घर, मुंबईतली पारशी इमारत असा भेद ती करत नाही. दारावरच्या किरणजाळीला कोणी सूर्यनारायण म्हणतं, कोणी पंखा. तिचं मुख्य काम दार बंद असताना उजेड आणि वारा आत सोडणं. प्रत्येक वळणात गुप्त संदेश शोधू नका. जिथे नमुना बिघडतो, तिथे मात्र थांबून बघा. पुस्तकातला नमुना आणि प्रत्यक्ष काम यात जो फरक दिसतो, त्यात घरमालकाची किंवा कारागिराची इच्छा असते.

उदाहरण देतो. बार्देशमधल्या एका घराचा कठडा आम्ही कामासाठी खाली उतरवला होता. रंगाचे थर एकेक करून काढत गेलो: वर चकचकीत ऑइल पेंट, खाली हिरवा, त्याखाली निळा, सगळ्यात खाली शेंदरी शिशाचा थर. मधल्या कड्यात तीन अक्षरं होती, पण तिसरं इतर दोघांपेक्षा पातळ आणि वेगळ्या पट्टीचं. भिंगातून बघितल्यावर आधीच्या अक्षराच्या मुळाशी छिन्नीच्या खुणा दिसल्या; जुनं अक्षर कापून त्या जागी नवं रिव्हेटने बसवलेलं. घर एका शाखेकडून दुसऱ्या शाखेकडे गेलं होतं. घरातल्या म्हाताऱ्या बाईंना ही वाटणीची गोष्ट माहीत होती, आणि ती कठड्यावर लिहिलेली आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. तो कठडा वाळूच्या फवाऱ्याने साफ केला असता तर हे सगळं पाच मिनिटांत गेलं असतं.

दुसरी गोष्ट अंत्रुजातल्या कामांवर सापडते. फ्रेम पुस्तकी नमुन्याची, पण पाकळ्यांचं फूल असायला हवं तिथे आठ पाकळ्यांचं कमळ, तेही हाताने घडवलेलं, एकासारखं दुसरं नाही. हे गावातल्या च्यारी कारागिराचं काम. देवळाच्या समया, नांगराचे फाळ, दाराच्या कड्या करणाऱ्या माणसाला परदेशी फूल दाखवलं, त्याने कमळ केलं. तुमच्या कठड्यात अशी जागा आहे का ते पाहा. असेल तर माझ्या मते घरातला तो सगळ्यात मोलाचा तुकडा आहे, कारण पुस्तकातून आलेलं पुन्हा पुस्तकातून मिळू शकतं, हे मिळणार नाही.

दुरुस्तीचं बोलायचं तर आधी लोखंड ओळखा, कारण उपचार त्यावर ठरतो. घडीव लोखंड असेल तर जोड उघडे दिसतात: दोन वेली जिथे टेकतात तिथे तापवून आवळलेलं कडं, आडव्या पट्टीतून आरपार गेलेला गजाचा शेंडा ठोकून चपटा केलेला, रिव्हेटची डोकी. वळणाची टोकं निमुळती होत गेलेली. दोन सारखी वळणं शेजारी धरली तर ती तंतोतंत जुळत नाहीत. बिडाचं असेल तर सगळी फुलं एकसारखी, कडेने साच्याच्या जोडाची बारीक रेघ, पृष्ठभाग किंचित खरखरीत, आणि तुटलेली जागा राखाडी दाणेदार. आपल्याकडे बरेचदा मिश्र काम असतं, गज आणि पट्ट्या घडीव, फुलं आणि भाले बिडाचे. वेल्डिंगचा गोळा कुठे दिसला तर ती नंतरची डागडुजी.

घडीव लोखंड तापवून पुन्हा घडवता येतं. बीड ठोकलं की फुटतं, आणि साध्या रॉडने वेल्डिंग केलं तर जोडाशेजारीच पुन्हा तडा जातो. त्याला निकेलचा रॉड आणि आधी सावकाश तापवणं लागतं, किंवा मागून पट्टी लावून बोल्टने जोडणं. रस्त्यावरच्या वेल्डरला दोष देत नाही, पण त्याला हे सांगितलं नाही तर तो ग्रिलसारखंच काम करेल.

कठड्याचा जीव पायात असतो. जिथे गज चिऱ्यात किंवा जमिनीत शिरतो तिथे पाणी साचतं. जुन्या कारागिरांनी खाच पाडून, गज उभा करून वितळलेलं शिसं ओतलेलं असतं. ते गजाला धरून ठेवतं आणि पाणी अडवतं. नंतर कोणी तरी त्यावर सिमेंट थापतं, सिमेंटला बारीक चीर जाते, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि चिरा आतून फुटतो. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात चिरा म्हणजे पाणी पिणारा दगड. म्हणून आधी ते सिमेंट काढा, शिसं शाबूत आहे का बघा, गजाच्या मुळाशी पाणी बाहेर वाहील असा उतार चुन्याच्या गिलाव्यात द्या. भिंतींनाही तेच: चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवू नका. ओल आतच कोंडते आणि तुमच्या कमानीवरचे गोफ दोन-चार पावसाळ्यांत पोपडे होऊन पडतात.

जुना रंग काढताना सावध राहा. तळचा शेंदरी थर शिशाचा असतो, आणि वरच्या जुन्या रंगांतही शिसं असतं. कोरडं घासलं तर ती धूळ श्वासात जाते. लहान मुलांना तर ती फारच वाईट. काम ओलं करून खरवडा, तोंडाला नीट मास्क बांधा, खाली ताडपत्री अंथरा आणि खरवडलेलं वृंदावनाभोवतीच्या मातीत झाडून टाकू नका. एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा थर दर थर उघडी ठेवून फोटो काढून ठेवा, म्हणजे मूळ रंग कळेल. तो बहुधा काळा नसेल. काळ्या कठड्यांची फॅशन हॉटेलांनी आणली आहे. जुन्या घरांत हिरवा आणि निळा मला जास्त सापडतो. मग झिंक फॉस्फेटचा प्रायमर दोन हात, वर पातळ रंग दोन हात. जाड थराने वेलींच्या कडा बुजतात.

स्टेनलेस स्टीलबद्दल काकांना दोन गोष्टी सांगा. एक, समुद्राच्या हवेत स्वस्त प्रतीच्या स्टेनलेसवरही तांबूस डाग पडतात. फोंड्यात ते कमी असेल, पण 'कायमचं काम' हा शब्द खरा नाही. दोन, जुन्या लोखंडाला स्टेनलेस थेट भिडवलं तर ओलीत जुनं लोखंड जास्त वेगाने गंजतं. अर्धं काढून अर्धं ठेवायचा मधला मार्ग म्हणूनच सगळ्यात वाईट. त्यांची एक काळजी मात्र रास्त असू शकते. जुने कठडे बुटके असतात, आजच्या अपेक्षेप्रमाणे साधारण १ मीटर उंची हवी, आणि घरात लहान मुलं असतील तर वेलीवर पाय ठेवून ती चढतात. त्याला उपाय आहे: जुन्या कठड्याच्या आत, त्याला न चिकटवता, एक साधी लोखंडी दांडी वेगळ्या पायांवर उभी करा. रस्त्यावरून ती जवळजवळ दिसत नाही, आणि उद्या काढायची झाली तर जुन्या कामाला धक्का लागत नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण यात माणसं फसतात. घर अजून वाटणी न झालेलं असेल तर आपल्या गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे ते सगळ्या वारसांचं आहे. काकांनी किंवा बहिणीने एकट्याने ठरवायचा हा विषय नाही. दुरुस्ती सुरू झाली की जुनं सामान घेणारे दारात येतात. कठड्याचं वजन करून भंगाराच्या भावाने पैसे देतात आणि तोच कठडा पुढे कुठल्या तरी रेस्टॉरंटच्या भिंतीवर टांगलेला दिसतो, आद्याक्षरांसकट. उतरवायचा झाला तर आधी समोरून, आतून आणि प्रत्येक जोडाजवळून फोटो काढा, तुकड्यांना क्रमांकाचे पत्र्याचे बिल्ले तारेने बांधा, आणि तो घरातच, कोरड्या जागी, उभा ठेवा. घर संवर्धन क्षेत्रात येतं का हे पंचायतीत आणि नगरनियोजन खात्यात विचारून घ्या, येत असेल तर परवानगी आधी लागते. लोखंडाचं काम ऑक्टोबर संपल्यावर हातात घ्या, हवा कोरडी असते आणि प्रायमर धरतो. तोवर काका आणि बहीण दोघांनाही सोबत घेऊन ते कड्यातलं अक्षर भिंगाने बघा, आणि फोटो मला पाठवा. फुलं बिडाची की घडीव हे त्यावरून सांगता येईल.